परात धरायला कुणी नको

आमच्या वन्सं फोटो काढतात. समारंभांचे नाहीत, बातम्यांचे नाहीत. एका वेळी एकच माणूस, आणि तोही उघड्यावर. झाडाखाली, जिन्याच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर, जिथे उजेड मनासारखा मिळेल तिथे त्या माणसाला बसवतात आणि गप्पा मारता मारता फोटो काढून मोकळ्या होतात. पूर्वी बसथांब्याजवळ त्यांची स्टुडिओची खोली होती. निळा पडदा, दोन दिवे आणि एक फिरती खुर्ची. ओळखपत्राचे फोटो लोक घरच्या घरी मोबाइलवर काढायला लागले तेव्हा त्यांनी ती खोली बंद केली. आम्हाला वाटलं, आता या हातपाय गाळून बसतील. तर म्हणाल्या, "वहिनी, बरं झालं. त्या दोन दिव्यांचा कंटाळा आला होता. बाहेर एवढा मोठा दिवा फुकट लागलेला असतो आणि मी आपली पडदा ओढून बसायची."

मला हे बोलणं फार आवडलं. मी म्हटलं, "तो दिवा कुणी लावला तेही म्हणा."

"तुझ्या देवाने. पण कुठे लावावा ते त्याला कळत नाही. भर डोक्यावर लावून ठेवतो. माणसांच्या डोळ्यांखाली खड्डे पडतात."

त्या दिवशी प्रार्थनेला बसले तेव्हा त्यांच्या वतीने देवाची माफी मागून घेतली. त्यांना सांगितलं नाही.

तर ते खड्डे भरून काढायला त्यांच्याकडे रिफ्लेक्टर आहे. म्हणजे तारेच्या गोल कड्यावर ताणून बसवलेलं कापड, एका बाजूने पांढरंशुभ्र, दुसऱ्या बाजूने चंदेरी. माणसाच्या पाठीशी ऊन ठेवायचं आणि समोरून हे कापड धरायचं, की त्यावर पडलेला उजेड माघारी फिरून चेहऱ्यावर येतो. पिळा देऊन मिटलं की पिशवीत मावतं; अर्थात ज्याला मिटता येतं त्याच्या हातून. मी एकदा मिटायला गेले तर ते असं उसळलं की माझा चष्मा कपाटावर जाऊन पडला. आमच्या घरात त्याला परात म्हणतात.

परात धरायचं काम आमच्या यांचं. हे टपाल खात्यातून निवृत्त झाले आणि लगेच धाकट्या बहिणीच्या हाताखाली रुजू झाले. त्याआधीही सुट्टीच्या दिवशी जातच असत. उंच आहेत, हात लांब, आणि तासन्‌तास एका जागी उभं राहायची सवय तिकिटांच्या खिडकीमागे लागलेली. खोट एकच, तोंड बंद राहत नाही. समोर बसलेल्या माणसाला परातीमागून हुकूम सोडायचे: "हनुवटी वर. एवढी नाही. आता श्वास सोडा. हसा, पण दात नकोत."

वन्सं म्हणायच्या, "दादा, तू परात आहेस. परातीसारखा राहा."

घटकाभर राहायचे. मग पुन्हा, "साहेब, कॉलर."

तरी दोघांचं मेतकूट होतं. कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता वन्संनी "दादा, जरा खाली" म्हणायचं, की परात बोटभर खाली. वारा आला की "दादा, धर," की परात जागच्या जागी गच्च. वर्षानुवर्षं हेच. शब्द ओठांवर येण्यासाठी वन्संना विचारही करावा लागत नसे.

आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिथल्या मोठ्या बाई यंदा निवृत्त व्हायच्या होत्या. मध्यंतरी त्या आजारी पडल्या आणि चेहऱ्याची डावी बाजू लुळी झाली. बाकी सगळं पहिल्यासारखं. चालणं तडफदार, आवाज तोच, फक्त ओठाचा डावा कोपरा खाली ओढलेला आणि त्या बाजूची पापणी निम्मी मिटलेली. डॉक्टर म्हणाले होते सुधारेल. सुधारायचं तेवढं सुधारलं आणि थांबलं. तेव्हापासून बाई कुणाशीही बोलताना मान अशी ठेवतात की समोरच्याला उजवी बाजू दिसावी. शाळेच्या वरांड्यात आजवरच्या सगळ्या मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. आता त्यांच्या शेजारी बाईंचा लागायला हवा होता.

त्यासाठी बाई स्वतः आमच्याकडे आल्या. पुढच्या खोलीत त्यांनी नेमकी ती खुर्ची निवडली जिच्या डावीकडे भिंत येते. मी चहा विचारला तर नको म्हणाल्या. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो हे माझ्या उशिरा ध्यानात आलं, मग मी आग्रह केला नाही.

"आमचा कारकून म्हणतो, ओळखपत्रावरचा जुना फोटो मोठा करून लावू," बाई म्हणाल्या. "त्यात मी तिशीची आहे. त्या पोरीने माझी शाळा चालवलेली नाही."

"मग नवा काढू," वन्सं म्हणाल्या.

"काढा. पण मला पटला तरच लागेल. नाही पटला तर माझ्यासमोर पुसून टाकायचा आणि भिंतीवरची माझी जागा मोकळी ठेवायची. शाळेत तसं सांगून आले आहे."

"चालेल."

"आणखी एक. तिथे तुम्ही आणि मी. तिसरं माणूस नको. कुणी नुसतं उभं राहिलं तरी मला तोंड कुठे करावं कळत नाही."

"चालेल," वन्सं पुन्हा म्हणाल्या. वर्तमानपत्र वाचत बसलेल्या यांनी पेपर हळूच खाली केला आणि बाई गेटबाहेर जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग म्हणाले, "मी तिसरं माणूस?"

"दादा, त्या तुला उद्देशून नाही म्हणाल्या."

"मग कुणाला? हिला? ही कुठे परात धरते? आणि काय गं छकुले, इतकी वर्षं सांगत आलीस की मी माणूस नाही, परात आहे. आज अचानक माणूस झालो?"

वन्संना हसू आवरेना. यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. जेवताना भाजीत मीठ कमी आहे असं माझ्याकडे बघून म्हणाले, भाजीत मीठ बरोबर होतं.

भांडी घासताना मी वन्संना विचारलं, "एकटीने जमेल?"

"न जमायला काय झालं? उजेड काही दादाच्या हातातून येत नाही."

"आणि त्यांनी पुसायला लावला तर?"

"पुसेन. पण नाही लावणार." असं म्हणून त्यांनी ओला हात पुसला आणि माझी हनुवटी धरून मला खिडकीकडे वळवलं. "उद्यापासून तू माझी मोठी बाई."

दुसऱ्या दिवसापासून सकाळची कामं उरकली की मी परसात स्टुलावर. आमचं परस चांगलं आहे त्या कामाला. घराची सावली पडते, समोरची कुंपणाची भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली. वन्संनी आधी मला नुसतं त्या भिंतीकडे तोंड करून बसवलं. म्हणाल्या, ही आपली सगळ्यात मोठी परात, हिला धरायला कुणी लागत नाही, वारा हिला पाडत नाही. पण ती दूर पडत होती, डोळ्यांखाली पुरेसं येत नव्हतं. मग दोरीवर पांढरी चादर टाकून पाहिली. ती दर दोन मिनिटांनी माझ्या अंगावर यायची. शेवटी लोखंडी स्टँड आणला, त्याला चिमट्याने परात अडकवली आणि पायाशी माझी पिठाची भरलेली पिशवी वजनाला टांगली. मग स्वतः कॅमेऱ्यापाशी जायचं, बघायचं, परत स्टँडपाशी यायचं, बोटभर वळवायचं, पुन्हा कॅमेऱ्यापाशी. या येरझाऱ्यांनी माझीच मान दुखली.

"खरं म्हणजे," तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, "बसलेल्या माणसाच्या हातात दिली तर ही सगळी पायपीट वाचते. मांडीवर धरायची. वरून आभाळाचा उजेड, खालून परातीचा." त्यांनी माझं स्टूल गुडघ्यांवर ऊन येईल इतकं पुढे ओढलं आणि परात माझ्या मांडीवर दिली, चंदेरी बाजू वर. "डोळे मीट आणि हळूहळू वळव. उजेड कुठे पडलाय ते गालाला कळेल."

खरंच कळलं. मिटल्या डोळ्यांनीसुद्धा ऊब हनुवटीवरून उजव्या गालावर सरकली, मग कानापाशी गेली. चंदेरी बाजूने जागा शोधायची आणि मग परात उलटून पांढरी वर करायची, कारण चंदेरी डोळ्यांत सुया खुपसते. मला हे फार गमतीचं वाटलं. पण वन्सं म्हणाल्या, "बाईंच्या हातात नको. त्यांचं लक्ष परातीत जाईल. त्यांना मी उजवीकडून घेणार आहे, डावी बाजू सावलीत ठेवेन. स्टँडच बरा."

मी मान डोलावली. मलाही तेच बरोबर वाटलं होतं.

एक मात्र रोज व्हायचं. कॅमेऱ्याला डोळा लावला की वन्सं त्या लोखंडी स्टँडला म्हणायच्या, "दादा, जरा खाली." मग स्वतःच थबकायच्या. वरच्या खिडकीत हे कान टवकारून बसलेले असायचे. "खाली येऊ?" म्हणून ओरडायचे. "नको," आम्ही दोघी.

ठरलेल्या सकाळी आभाळ निवळ होतं. मी पहाटेच देवाला घातलेलं साकडं वन्संच्या कानावर घातलं नाही, उगीच टोमणा ऐकायला कशाला. बाई राखाडी रंगाच्या साध्या कपड्यांत आल्या, केस चापूनचोपून बांधलेले. वन्सं त्यांना बाजूच्या बोळातून थेट परसात घेऊन गेल्या. आम्ही दोघं स्वयंपाकघरात, मागचं दार लावलेलं, खिडकीचा पडदा सोडलेला. दाराला लागून यांनी स्टूल ओढलं.

"तिकडे बसा," मी कुजबुजले.

"इथे वारा येतो."

बंद दाराशी कुठला वारा? पण वाद घातला तर आवाज बाहेर गेला असता.

बाहेर बराच वेळ वन्संचाच आवाज. शाळेबद्दल विचारत होत्या, वरांड्याच्या गळतीबद्दल, घंटा अजून हाताने वाजवतात का त्याबद्दल. बाई एका शब्दात उत्तर देत होत्या. मधूनच कॅमेऱ्याचा खट्ट आवाज. हे माझ्याकडे बघून मान हलवत होते: जमत नाहीये. मलाही ते कळत होतं. ज्या फोटोत माणूस एका शब्दात बोलतो तो फोटो वन्सं स्वतःच ठेवत नाहीत.

मग बाईंचा आवाज आला. "तुम्ही मला उजवीकडूनच घेताय."

"हो. तुम्हीच तशा बसलात."

"मी तशीच बसते. लोकही तसेच बसतात. हल्ली डॉक्टरसुद्धा खुर्ची उजवीकडे घेऊन बोलतात माझ्याशी." जरा थांबून त्या म्हणाल्या, "असाच येणार असेल तर राहू द्या. जागा मोकळी बरी."

स्टँड सरकवल्याचा आवाज आला. नंतर त्यांनी मला सांगितलं, ऊन पुढे सरकलं होतं म्हणून त्यांनी स्टँड उचलून घेतला, उचलायला जड होतो म्हणून पिठाची पिशवी काढून ठेवली, आणि ती परत अडकवायची राहिली. डोकं बाईंच्या बोलण्यात होतं. त्या कॅमेऱ्यापाशी पोचतात न पोचतात तोच वाऱ्याची एक झुळूक भिंतीवरून आली आणि परात शिडासारखी फुगली.

"दादा, धर!"

मी यांचा सदरा पकडला होता. खरंच पकडला होता, बटण माझ्या हातात राहिलं. पण इतक्या वर्षांची हाक ती. हे दार उघडून बाहेर पोचले तेव्हा मी अजून "अहो" म्हणत होते.

उघड्या दारातून मला दिसलं ते एवढंच. स्टँड आडवा पडलेला, वन्सं कॅमेरा छातीशी धरून जागच्या जागी उभ्या, आणि स्टुलावरच्या बाईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकलेला. हे मधोमध. चिमट्यातून निसटलेली परात यांनी जमिनीला टेकायच्या आत झेलली होती. मग यांच्या लक्षात आलं आपण कुठे आलोय ते. आणि यांनी काय करावं? परात उचलून स्वतःच्याच तोंडासमोर धरली. डोक्यापासून कमरेपर्यंत नुसतं पांढरं गोल कापड आणि खाली दोन पाय, त्यातल्या एका पायात माझी चप्पल.

"बाई," कापडामागून आवाज आला, "मला काहीही दिसत नाहीये. मी इथे नाही."

माझी चप्पल जागच्या जागी चुळबुळली.

"टपाल खात्यात होतो," आवाज पुढे म्हणाला. "दुसऱ्याचं पत्र कधी वाचलं नाही."

बाईंच्या हातांमागून आधी एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडल्या. मग हात खाली आले आणि त्या हसत होत्या. उजव्या बाजूने पूर्ण, डावी बाजू जेवढी साथ देईल तेवढी. खांदे हलत होते. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी पाहिलंच नव्हतं, आजाराच्या आधीही. शाळेत मोठ्या बाई कुठे हसतात?

वन्संनी कॅमेरा उचलला नाही. मी नंतर विचारलं, का नाही घेतला? म्हणाल्या, "चोरून घेतलेला त्यांनी पुसायलाच लावला असता, आणि बरोबर केलं असतं."

त्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "दादा, परात बाईंच्या हातात दे आणि मागे न बघता जा."

यांनी डोळे मिटून परात पुढे केली, बाईंनी घेतली, आणि हे दोन्ही हात पुढे धरून चाचपडत दाराकडे आले. उंबऱ्याला अडखळले. मी ओढून आत घेतलं आणि दार लावलं. "कसा दिसत होतो मी?" म्हणाले. मी म्हटलं, "चप्पल काढा माझी."

पुढचं मी पाहिलं नाही. काही ऐकलं, बाकीचं वन्संनी सांगितलं.

वन्संनी बाईंना परात मांडीवर घ्यायला लावली, चंदेरी बाजू वर. मला सांगितलं होतं तेच सांगितलं: डोळे मिटा, हळूहळू वळवा, ऊब जिथे जाईल तिथे उजेड. "मी तुम्हाला कुठल्याच बाजूने घेत नाही. उजेड तुमच्या हातात आहे. तुम्हाला जिथे हवा तिथे पाडा, मी समोरून घेईन."

बाईंनी आधी उजवा गाल शोधला. तिथे बराच वेळ थांबल्या. वन्संनी घाई केली नाही, उगीच बोलल्याही नाहीत. मग परात जरा कलली. उजेड हनुवटीखालून सरकत गेला आणि डाव्या गालावर येऊन बसला. त्या गालाला हसता येत नव्हतं, पण ऊब कळत होती. बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "इथे कुणी बघत नाही. आरशात मीसुद्धा नाही."

"मी बघतेय," वन्सं म्हणाल्या. "आता उलटा, पांढरी वर करा. आणि डोळे उघडा."

खट्ट. मग आणखी काही. मग वन्संनी कॅमेरा नेऊन त्यांच्या हातात दिला आणि पुसायचं बटण कुठलं तेही दाखवलं.

दाराआड आम्ही दोघं कान लावून उभे. यांनी चक्क माझा हात धरला होता. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. पुसून टाकायचा तर एका बोटाचं काम होतं. बाहेर इतकी शांतता की शेजारच्या नळाखाली बादली भरत आलेली ऐकू येत होती.

"चष्मा द्या माझा," बाई म्हणाल्या. मग तोच आवाज आला जो आमच्या खिडकीपर्यंत रोज शाळेतून येतो, वह्या तपासतानाचा.

"डाव्या बाजूला उजेड कमी पडलाय. परत घ्या."

"परात जरा वर धरा मग," वन्संचा आवाज.

"अशी?"

"आणखी थोडी. आता बोला काहीतरी."

"काय बोलू? ते तुमचे भाऊ नेहमी असेच आहेत का?"

"लहानपणापासून."

आतून यांनी घसा खाकरला. मी कोपर मारलं. त्यानंतर बाहेर दोघी जे बोलत सुटल्या ते ऊन भिंतीपलीकडे जाईपर्यंत. एकट्याने काम करायचं ते असं, मला वाटलं. परात धरायला कुणी नको होतं, ती ज्याची त्याच्या हातात द्यायची होती.

फ्रेम करून फोटो तयार झाला तेव्हा तो पोचवायला मी वन्संसोबत गेले, कारण काच जड होती. फोटोत बाई थेट समोर बघतात. एक डोळा पूर्ण उघडा, एक निम्मा, ओठ तिरपे, आणि दोन्ही गालांवर सारखा उजेड. नुकतंच कुणाला तरी चुकीच्या उत्तरात बरोबर पकडलंय असं वाटतं. कारकुनाने बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि जुन्या फोटोचा विषय काढला नाही.

वरांड्यात बाकी सगळे फोटो छतालगत लावलेले. शिपाई शिडी घेऊन आला आणि त्याच ओळीत खिळा धरला.

"एवढ्या वर कशाला?" बाई म्हणाल्या. "पहिलीतल्या पोरांना काय माझी हनुवटी दाखवायची आहे? खाली घे."

त्याने दोन पायऱ्या खाली येऊन खिळा धरला.

"आणखी खाली."

तो शिडीवरून उतरला. मग शिडीच बाजूला ठेवली. शेवटी गुडघे टेकून बसला तेव्हा बाई म्हणाल्या, "हां. ठोक आता."